‘बहुतेक शेतकरी पाटानंच पाणी देतात’ ही ओळ फ्लेक्सवर छापू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: सांगली जिल्ह्यातल्या आष्टा भागात ठिबकचं दुकान आहे, आडसाली उसाच्या (जुलै-ऑगस्टातल्या) लागणीआधी जाहिरात करायची आहे, हाताशी 20 हजार रुपये आहेत. तुम्ही स्वतः लिहिलेली ओळ, ‘आजही बहुतेक शेतकरी पाटानंच पाणी देतात, जमिनी खराब होतायत, तुम्ही तरी बदला’. डिझायनरनं सुचवलेली, ‘हुशार शेतकरी ठिबकवर, बाकीचे पाटावर!’. यातली कोणती छापू आणि फेसबुकवर ती कुणाला दाखवू, असं तुम्ही विचारलं आहे.

माझ्या मते दोन्ही नकोत. पण कारण समजून घ्या, म्हणजे पुढची ओळ तुमची तुम्हालाच लिहिता येईल.

शब्द चांगले की वाईट, हा इथला मुख्य मुद्दा नाही. तुमचं गिऱ्हाईक मनात दोन हिशेब धरून असतं. माझ्यासारखी माणसं प्रत्यक्षात काय करतात, हा पहिला. आणि मी अमुक केलं तर माझी माणसं बरं म्हणतील की नावं ठेवतील, हा दुसरा. लोकरीतीचा आधार घेणारी कुठलीही जाहिरात, मग ती साबणाची असो, दागिन्यांची असो वा शिकवणीची, या दोनांपैकी एकाला हात घालते. ‘घरोघरी हेच वापरतात’ हा पहिल्यातला प्रकार आणि ‘लग्नात एवढं तरी करायलाच हवं’ हा दुसऱ्यातला. दोन्ही हिशेब एकाच दिशेनं ओढत असले तर जाहिरात चालते. उलट दिशांना ओढत असले तर बहुतेक वेळा पहिला जिंकतो. चारचौघं करतात तेच माणूस करतो, आणि चांगलं काय हे माहीत असूनही करतो.

तुमच्या ओळीत नेमकं हेच घडतंय. जमिनी खराब होतायत हे खरं आहे. कृष्णाकाठी जास्त पाण्यानं क्षारपड झालेली, म्हणजे खार वर येऊन नापीक झालेली रानं लोकांनी डोळ्यांनी पाहिलेली आहेत. पण वाचणाऱ्याच्या डोक्यात पहिल्यांदा शिरतं ते ‘बहुतेक शेतकरी पाटानंच देतात’. म्हणजे मी एकटा नाही, सगळी वाडी माझ्याबरोबर आहे. तुम्ही त्याला हलवायला गेलात आणि उलट धीर देऊन आलात.

यावर अमेरिकेत झालेला एक प्रयोग या धंद्यातल्या प्रत्येकानं लक्षात ठेवावा असा आहे. अ‍ॅरिझोनात पेट्रिफाइड फॉरेस्ट नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे, तिथं दगड झालेल्या प्राचीन लाकडाचे तुकडे लोक खिशात घालून नेत. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सियाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी वाटांवर खुणा केलेले तुकडे ठेवले आणि पाट्या बदलून पाहिल्या. ‘याआधी अनेकांनी लाकूड नेलं, त्यानं उद्यानाचं नुकसान झालं’ अशा अर्थाची पाटी होती तिथं जवळपास 8 टक्के तुकडे गेले. ‘कृपया लाकूड नेऊ नका’ एवढंच सांगणारी पाटी होती तिथं 2 टक्क्यांच्याही आत. नुकसानीची हळहळ वाटावी म्हणून लिहिलेलं वाक्य ‘सगळेच नेतात’ अशी बातमी देऊन गेलं. आपल्याकडच्या सरकारी भिंतींवरही ही चूक ठिकठिकाणी दिसते. ‘इतके लोक नियम पाळत नाहीत’ असं रंगवलेलं असतं आणि वाचणारा निर्धास्त होतो.

आता डिझायनरची ओळ. तिच्यात वेगळी अडचण आहे. ‘हुशार’ आणि ‘बाकीचे’ अशी फाळणी केली की फ्लेक्ससमोर उभा असलेला माणूस, जो आज पाटानं पाणी देतोय, तो आपोआप अडाण्यांत जाऊन बसतो. त्याच्याबरोबर त्याचा बाप, चुलता, बांधाशेजारचा असे सगळे जातात. अपमान झालेला माणूस मुद्द्याचा विचार करत नाही, तो खोट काढतो. ‘ठिबकवाल्याच्या नळ्या उंदरांनी खाल्ल्या की बघू हुशारी’ हे वाक्य त्याच दिवशी दूध सेंटरवर तयार होतं आणि तुमच्या फ्लेक्सपेक्षा लांब जातं.

लाज वापरून बदल होत नाही असं मला म्हणायचं नाही. आपल्याच तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना 2000 साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. त्यात गावागावांची चढाओढ होती, तपासणी होती, बक्षीस होतं. उघड्यावर बसणाऱ्यांना गाठणारी गुड मॉर्निंग पथकंही पुढं महाराष्ट्रात निघाली. पण त्यातलं टिकाऊ काय होतं ते नीट बघा. ‘आपलं गाव’ हे एकक होतं, शेजारचं गाव पुढं गेलेलं डोळ्यांना दिसत होतं, आणि गावानं मिळून केलेल्या कामाला मान होता. पथकानं लाजवलेला माणूस कित्येकदा फक्त वेळ आणि जागा बदलायचा. गावाच्या चढाओढीत ओढला गेलेला माणूस मात्र घरात संडास बांधायचा. तुम्ही दुकानदार आहात. तुमच्याकडं पथकही नाही आणि लाजवायचा अधिकारही नाही. तुमच्या कामाची आहे ती ‘आपलं शिवार पुढं चाललंय’ ही भावना.

म्हणून माझी पद्धत अशी आहे. आधी बिलबुक काढायचं. गेल्या तीन हंगामांत ठिबक नेलेल्या गिऱ्हाइकांची गावानुसार, आणि जमलं तर शिवारानुसार यादी करायची. गावापेक्षा शिवार महत्त्वाचं, कारण शेतकरी स्वतःची तुलना तालुक्याशी करत नाही. तो बांधावरून दिसणाऱ्या रानाशी करतो, एकाच विहिरीवरच्या किंवा एकाच पाणीपुरवठा संस्थेच्या सभासदांशी करतो. हॉटेलांत टॉवेल पुन्हा वापरायला सांगणारे जे प्रयोग 2008 साली प्रसिद्ध झाले, त्यांतही हेच निघालं. ‘पर्यावरण वाचवा’ या चिठ्ठीनं साधारण 37 टक्के पाहुण्यांनी टॉवेल परत वापरले, तर ‘याच खोलीत राहिलेल्या बहुतेकांनी टॉवेल परत वापरले’ या चिठ्ठीनं 49 टक्क्यांनी. त्याच खोलीत आधी राहिलेला माणूस कोण, कुठला, काही माहीत नाही, तरी तो जवळचा वाटला. मग एकाच पाळीवर पाणी घेणारा शेजारी किती जवळचा वाटेल याचा विचार करा.

यादी झाली की तीनपैकी एक परिस्थिती निघते.

एखाद्या शिवारात खरोखरच निम्म्याहून जास्त लोक ठिबकवर असतील तर ते सरळ सांगा, आकड्यासकट आणि विशेषण न लावता. समजा गोटखिंडीच्या एका शिवारात 40 खातेदारांपैकी 26 जणांकडं ठिबक आहे, तर ‘या शिवारात 40 पैकी 26 रानं ठिबकवर’ एवढं पुरे. खाली दुकानाचं नाव आणि नंबर. उरलेले 14 जण स्वतःच मोजायला लागतात की यातलं आपलं कुठलं.

निम्म्याहून कमी असतील, पण वाढत असतील, तर ‘इतक्यांपैकी इतके’ हा आकडा टाळा आणि बदल सांगा. ‘दोन वर्षांपूर्वी 4, आज 13.’ अमेरिकेतल्याच एका अभ्यासात, 2017 सालच्या, ‘काही लोक मांस कमी खातात’ यापेक्षा ‘गेल्या काही वर्षांत लोक मांस कमी खायला लागले आहेत’ हे वाचलेल्यांनी मांसाविना जेवण जास्त मागवलं. वारं कुठल्या दिशेला आहे हे कळलं तरी माणसाला पुरतं. ऊसवाल्या भागातली बहुतेक गावं मला याच परिस्थितीत दिसतात.

आणि एखाद्या गावात दोनचारच जण असतील तर तिथं लोकरीतीची जाहिरात करूच नका. ‘सर्वांची पसंती’ छापलं तर गावाला खरं माहीत असतं, आणि पुढं तुम्ही सांगितलेल्या प्रत्येक आकड्यावर शंका येते. तिथं फ्लेक्सचा खर्च वाचवून त्या दोघातिघांपैकी एकाच्या रानावर शिवारफेरी घ्या. 15–20 शेतकरी, फिल्टर उघडून दाखवणं, शेवटच्या ड्रिपरखाली डबा ठेवून थेंब मोजणं. शिवारफेरीला आलेली माणसं एकमेकांना बघतात. ‘हा पण आलाय’ हे त्यांना दिसणं म्हणजेच त्या गावातली पहिली जाहिरात.

सरासरीचा मोह मात्र टाळा. ‘तालुक्याची सरासरी एकरी अमुक टन, ठिबकवर अमुक टन’ अशा जाहिराती नेहमी दिसतात. ज्याचा उतारा, म्हणजे एकरी टनाचा आकडा, सरासरीच्या वर आहे तो ती वाचून खूश होऊन घरी जातो, त्याला बदलायचं कारणच उरत नाही. कॅलिफोर्नियात सॅन मार्कोस इथं घराघरांना शेजाऱ्यांच्या सरासरी विजेचा आकडा कळवला तेव्हा जास्त वापरणाऱ्यांनी वापर कमी केला, पण कमी वापरणाऱ्यांनी वाढवला. त्यांच्या चिठ्ठीवर हसरा चेहरा काढल्यावर ती वाढ थांबली. तुम्हाला आकडा द्यायचाच असेल तर त्याच माणसाचा त्याच रानातला आधीचा आणि नंतरचा उतारा द्या, कारखान्याच्या वजनपावत्या जवळ ठेवून.

आता फोटो. इथं सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. इंटरनेटवरून उचललेला फेटेवाला हसरा शेतकरी, तांबडी माती, मागं गव्हाचं रान. कृष्णाकाठची भारी काळी माती रोज बघणाऱ्या माणसाला ते रान आपलं नाही हे एका नजरेत कळतं, आणि रान आपलं नाही म्हणजे माणूस आपला नाही. फोटो त्याच शिवारातला हवा. साडेचार-पाच फुटांची सरी, काळी माती, नळी स्पष्ट दिसावी, आणि माणूस रोजच्या कपड्यांत. पुरस्कार मिळालेला पन्नास एकरवाला प्रगतशील शेतकरी घेऊ नका. लोक त्याचं कौतुक करतात, पण ‘त्येला काय कमी हाय’ म्हणून सोडून देतात. दीड-दोन एकरवाला घ्या, ज्याच्याकडं बघून ‘ह्येनं केलं तर मला का जमू नये’ असं वाटेल. आणि कारखान्याच्या किंवा सोसायटीच्या निवडणुकीत कुठल्या पॅनेलकडून उभा राहिलेला माणूस अजिबात नको. तुम्ही ठिबक विकत असता आणि निम्मं गाव त्यात पॅनेलचा प्रचार वाचतं. ज्याचा फोटो, नाव किंवा उतारा छापाल त्याची लेखी संमती घ्या.

घरातल्या बाईला या जाहिरातींत जागाच नसते, हे मला चुकीचं वाटतं आणि धंद्याच्या दृष्टीनंही तोट्याचं. सरीत पाणी नाही म्हणजे तण कमी, तण कमी म्हणजे भांगलण (खुरपणी) कमी. भांगलण कुणाच्या कमरेला बसते हे सगळ्यांना माहीत आहे. बचत गटाच्या बैठकीत वाटायच्या पत्रकावर ‘आपल्या गटातल्या इतक्या जणींची एक भांगलण वाचली’ हे वाक्य, खरं असेल तर, तुमच्या मोठ्या फ्लेक्सइतकंच काम करेल. पुढं घरात चर्चा होते तेव्हा तुमच्या बाजूनं बोलणारं कुणीतरी आत असतं.

फ्लेक्सच्या मापाबद्दल थोडक्यात. शंभर फुटांवरून नीट वाचायचं तर अक्षर 10 इंच उंच लागतं, म्हणजे 10 फुटांना 1 इंच. देवनागरीत वर वेलांट्या, खाली उकार, त्यामुळं दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडावी लागते. म्हणून आठ-दहा शब्दांवर जाऊ नका. मोक्याच्या नाक्यावर एक मोठा आणि दूध सेंटरवर 4 बाय 3 फुटांचे लहान पाच-सहा, असं मी करेन. दूध सेंटरवर माणूस रोज सकाळ-संध्याकाळ रांगेत उभा असतो, वाचायला वेळ असतो, आणि ज्यांच्याशी तो तुलना करतो तीच माणसं मागंपुढं असतात. विजेच्या खांबावर किंवा सरकारी भिंतीवर लावू नका. मालमत्ता विरूपणाचा 1995 चा कायदा आहे. खासगी भिंतीला मालकाची आणि रस्त्याकडेला ग्रामपंचायतीची किंवा नगरपरिषदेची परवानगी घ्या.

वेळ: आडसालीची लागण साधारण 15 जुलै ते ऑगस्टअखेर चालते. ठिबकचा निर्णय सरी सोडायच्या आधी व्हायला हवा, म्हणून जाहिरात मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत. जुलैत लावलेला फ्लेक्स नुसता वाचला जातो. त्यानंतर लावायच्या पूर्वहंगामी उसासाठी पुन्हा ऑगस्टअखेर ते सप्टेंबर.

फेसबुकवर ‘शेती’ ही आवड निवडून जाहिरात सोडली तर ती ट्रॅक्टरचे रील बघणाऱ्या शहरातल्या पोरांकडं जास्त जाते. त्यापेक्षा नकाशावर आष्ट्याची, बावचीची, बागणीची पिन टाकून काही किलोमीटरचा परीघ घ्या, वय 25 ते 60, स्त्री-पुरुष दोन्ही. भाषा ‘मराठी’ अशी निवडू नका. ती निवड फोनच्या भाषेवरून होते, आणि मराठीच वाचणाऱ्या कितीतरी जणांचा फोन इंग्रजीत असतो. जाहिरात मराठीत आहे, ती आपोआप आपल्या माणसाला थांबवते. धर्म, जात, राजकीय कल असल्या गोष्टींवरून माणसं निवडायचे पर्याय मेटानं, म्हणजे फेसबुकच्या कंपनीनं, जानेवारी 2022 मध्ये काढले आहेत, आणि तुम्हाला त्यांची गरजही नाही. बिलबुकातले फोन नंबर परस्पर तिथं चढवू नका. त्या माणसांनी ते तुम्हाला पाइप नेताना दिले होते, जाहिरातीसाठी नव्हे. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा 2023 चा कायदा मुख्यतः संमतीवर उभा आहे.

आष्ट्याच्या परिघात एक महत्त्वाचं गिऱ्हाईक सापडत नाही: पुण्यात नोकरी करणारा आणि गावच्या शेतीला पैसे पाठवणारा मुलगा. त्याच्यासाठी जाहिरात वेगळी हवी. मोटरीला लागणारी थ्री फेज वीज रात्रीची असेल त्या आठवड्यात वडील बॅटरी घेऊन दारं मोडायला, म्हणजे पाणी एका सरीतून दुसरीत वळवायला जातात, हे त्याला टोचत असतं. इथं ‘चांगला मुलगा वडिलांना रात्री पाण्याला पाठवत नाही’ असं लिहायचा मोह होईल. लिहू नका. त्याची चूक नसताना त्याला अपराधी ठरवून माल विकणं मला पटत नाही, आणि ज्याच्याकडं खरंच पैसे नाहीत त्याच्यावर तर तो अन्याय आहे. ‘रात्रीची वीज आली तरी दारं मोडायला उठावं लागत नाही. गावातल्या इतक्या घरांत ही सोय झाली आहे’ असं सांगा, पण मोटर आणि व्हॉल्व्ह आपोआप चालण्याची सोय तुम्ही खरोखर बसवून देत असाल तरच.

हे सगळं ऊसपट्ट्यापुरतं. तासगाव-मिरजकडं द्राक्षाला आणि आटपाडीकडं डाळिंबाला ठिबक ही रुळलेली गोष्ट आहे. तिथं ‘इतके जण वापरतात’ सांगणं म्हणजे ‘लोक चप्पल घालतात’ सांगण्यासारखं. तिथं लोकांचा प्रश्न असतो की फिल्टर चोंदला तर माणूस किती तासांत येतो. पुढं त्या बाजूला शाखा काढलीत तर हा फ्लेक्स तिकडं नेऊ नका.

काही अडचणी जाहिरातीनं सुटत नाहीत. जिथं पाणीपट्टी एकरावर घेतात आणि पाणी पाळीनं मिळतं, तिथं कमी पाणी वापरणाऱ्याला पैशाचा फायदा नाही आणि पाळी चुकायची भीती आहे. तिथं आधी संस्थेच्या संचालकांशी बोलावं लागेल, साठवण टाकीचा किंवा शेततळ्याचा हिशेब मांडावा लागेल. वाट्यानं करणाऱ्याला दुसऱ्याच्या रानात नळ्या घालायला सांगून उपयोग नाही, मालकाशी बोला.

अनुदानाची ओळ जपून लिहा. ‘80 टक्के अनुदान’ असं ठळक छापतात, पण अल्प व अत्यल्प भूधारकांना 80 आणि इतरांना 75 टक्के हे सरकारनं ठरवलेल्या खर्चाच्या मापदंडावर मोजलं जातं, तुमच्या बिलावर नव्हे. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज, पूर्वसंमती आणि तपासणी झाल्यावरच ते खात्यावर येतं. शेतकरी 80 टक्के वजा करून पैसे घेऊन येतो आणि काउंटरवर वाद होतो. ‘अनुदान मापदंडानुसार, अर्जाला मदत करू’ एवढंच लिहा. ग्राहक संरक्षण कायदा 2019 आणि त्याखालची 2022 ची मार्गदर्शक तत्त्वं दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला लागू आहेत, पहिल्यांदा 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘26 रानं’ लिहिलंत तर 26 बिलं दाखवता आली पाहिजेत.

20 हजारांची माझी वाटणी: फ्लेक्सला 8, फेसबुकला 5, बचत गट आणि दूध सेंटरच्या पत्रकांना 3, आणि 4 हजार हातात राखून. राखलेले पैसे तीन आठवड्यांनी जे चाललं त्यावर घाला. चाललं काय हे कळण्यासाठी सहा गावं घ्या. तीन गावांत ‘आधी 4, आज 13’ पद्धतीची ओळ आणि तीन गावांत साधी ‘ठिबक, फिटिंग आणि दुरुस्तीसह’ अशी ओळ. दोन्हींवर वेगळे फोन नंबर. जोड्या लावताना एक मोठं गाव या बाजूला, एक त्या बाजूला असं करा, नाहीतर मोठ्या गावाचे फोन जास्त येतील आणि श्रेय ओळीला जाईल. काउंटरवर येणाऱ्याला गाव आणि ‘कुठं वाचलं’ एवढं विचारून वहीत लिहा. फोन किती आले यापेक्षा रान मोजायला किती जणांनी बोलावलं हा आकडा धरा.

आणि एक फ्लेक्स सहा महिने ठेवू नका. 13 चे 17 झाले की आकड्यावर नवा कागद चिकटवा. रोज तिथून जाणाऱ्या माणसाला आकडा बदललेला दिसला पाहिजे.